मदत हवी आहे: १८५० मध्ये प्रशिया-ऑस्ट्रिया युद्ध पेटवायचंय, पण झार मध्ये कडमडतोय

मंडळी, एका दीर्घकथेत अडलोय. जर-तरचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे गाडी पानिपतावरच थांबते, म्हणून मुद्दाम लांबचा विषय घेतला: नोव्हेंबर १८५०, जर्मनी. १८४८ च्या क्रांत्या दडपून झाल्यात आणि प्रशिया नि ऑस्ट्रिया एकमेकांसमोर फौजा घेऊन उभे आहेत. खऱ्या इतिहासात २९ नोव्हेंबरला ओलम्युट्झ इथे (आजचं चेक ओलोमोउत्स) प्रशियाने नमतं घेतलं. माझ्या कथेत घेत नाही. म्हणजे १८६६ चं युद्ध सोळा वर्षं आधीच.

ज्यांना हा भाग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. फ्रांकफुर्टच्या अखिल जर्मन संसदेने देऊ केलेला सम्राटपदाचा मुकुट प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म चौथ्याने एप्रिल १८४९ मध्ये नाकारला. लोकांनी दिलेला मुकुट नको, पण राजेरजवाड्यांच्या संमतीने प्रशियाच्या पुढारीपणाखाली जर्मन संघ जमवायची त्याचा सल्लागार राडोविट्झ याची योजना मात्र त्याला पटली. ऑस्ट्रियाचा पंतप्रधान श्वार्झेनबर्ग याला ऑस्ट्रियाच्या पुढारीपणाखालचा जुना जर्मन महासंघच परत हवा होता. ठिणगी पडली हेसे-कासेल या छोट्या जर्मन राज्यात. तिथला इलेक्टर (म्हणजे राजा) आणि त्याचा मंत्री हासेनफ्लुग (हा परीकथावाल्या ग्रिम बंधूंचा मेहुणा, खरंच!) यांनी विधिमंडळाची मंजुरी नसताना कर वसूल करायला घेतले. न्यायाधीश आणि अधिकारी अडून बसले. ऑक्टोबरमध्ये तर दोनशेहून जास्त लष्करी अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, कारण त्यांनी राज्यघटनेचीही शपथ घेतली होती. माझा नायक त्यांतलाच एक लेफ्टनंट.

महासंघाच्या नावाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाचं सैन्य आत शिरलं. बर्लिनहून ऱ्हाइनकाठच्या आपल्या प्रांतांत जायच्या प्रशियाच्या लष्करी वाटा नेमक्या हेसेतून जायच्या, त्यामुळे प्रशियाही घुसला. ८ नोव्हेंबरला फुल्डाजवळ ब्रोनझेल गावापाशी गोळीबार झाला. समोरचे काही शिपाई जखमी, आणि प्रशियाकडून मेला तो एका बिगुलवाल्याचा पांढरा घोडा. बस्स, एवढंच! प्रशियाचा जनरल ग्र्योबेन मागे सरकला. हा घोडा पुढे थट्टेचा विषय झाला.

कथेत मागे सरकायचा हुकूम ग्र्योबेनला वेळेवर मिळतच नाही. दिवसभर लढाई होते, शेकड्यांनी माणसं पडतात आणि बर्लिनमध्ये राजाच्या भावाचा, प्रिन्स विल्हेल्मचा, लढाऊ गट वरचढ ठरतो. इथपर्यंत गाडं बरं चालतं.

पुढे निकोलस पहिला. १८४९ मध्ये याच झारने आपला सेनापती पास्केविच याला जंगी फौज देऊन बंडखोर हंगेरीत धाडलं आणि ऑस्ट्रियाची गादी वाचवली. फ्रीडरिश विल्हेल्मची सख्खी बहीण त्याची राणी, पण मेहुण्याची संसद, राज्यघटना वगैरे थेरं त्याला मुळीच खपत नव्हती. मी कशीही सुरुवात केली तरी तिसऱ्या प्रकरणात रशियन फौज पोझेनमध्ये (प्रशियाचा पूर्वेकडचा प्रांत) उतरते आणि कथा आटोपते. झारला आजारी पाडणं मला फसवणूक वाटते. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये बंड म्हणावं तर तिथे पास्केविच स्वतः बसलेला. हंगेरीत पुन्हा भडका म्हणावा तर बंडाचे सेनापती आरादला फासावर किंवा गोळ्या घालून संपवलेले आणि त्यांचा नेता कोशुथ तुर्कस्तानात, क्युताह्याला नजरकैदेत.

तर जाणकारांनी सांगावं: झारला किमान सहा आठवडे नुसतं बघत ठेवायला पटण्यासारखं कारण काय? योगायोग नको, राजकारण हवं.

प्रतिसाद

झारला हात लावू नका, होल्स्टाइनला लावा (डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठलेली जर्मन डची). हेसेच्या भांडणात झारचा ऑस्ट्रियाला पाठिंबा होता तो मुख्यतः तोंडी. शस्त्राची भाषा होती ती होल्स्टाइनवरून, कारण बाल्टिकच्या तोंडाशी बसलेला डेन्मार्क दुबळा झालेला त्याला परवडणारा नव्हता. प्रशियाने जुलै १८५० मध्ये डेन्मार्कशी तह केलाच होता, आणि त्याच महिन्यात इडश्टेटला होल्स्टाइनवाले एकटे लढून हरले. तुमच्या प्रशियाने पहिल्याच आठवड्यात जाहीर करावं की होल्स्टाइनशी आमचा संबंध नाही, तिथे महासंघाने काय ते करावं. प्रशियाचा तडजोडवादी मंत्री मांटॉयफेल हे आनंदाने लिहून देईल. जर्मन देशभक्त त्याला गद्दार म्हणतील आणि तुमच्या लेफ्टनंटलाही आपण कोणासाठी लढतोय हा प्रश्न पडेल. कथेला ते हवंच आहे.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण सहा आठवडे फार कमी धरलेत. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाने सुमारे ७५ हजार माणसं आणि ८ हजार घोडे रेल्वेने सरहद्दीकडे हलवले, त्याला २६ दिवस लागले. एकेरी रूळ, डब्यांचा तुटवडा, वर थंडी. प्रशियाची जमवाजमवही गोंधळाचीच होती. लांडवेअर, म्हणजे राखीव सैन्य, हे घरसंसारातून उठवून आणलेली माणसं. शिवाय ड्रायझेची सुईवाली बंदूक (मागून भरायची, झटपट झाडता येणारी) अजून सगळ्या पलटणींना मिळालेली नव्हती, तेव्हा १८६६ सारखा झटपट निकाल लावू नका. आणि रशियन चालत येतील या भरवशावर राहू नका. वॉर्सा-व्हिएन्ना रेल्वे १८४८ मध्येच पुरी झाली होती, १८४९ मध्ये त्यांची एक डिव्हिजन याच बाजूने गाडीत बसून मोरावियात उतरली.

धागाकर्ता

दोघांचे आभार. होल्स्टाइन सोडून द्यायची कल्पना घेतो, प्रिन्स विल्हेल्म आणि मांटॉयफेल यांची खडाजंगी आत्ताच डोळ्यांसमोर आली. युद्ध मार्च १८५१ पर्यंत लांबवतो.

पण मग पॅरिसचं काय? लुई नेपोलियन तेव्हा राष्ट्राध्यक्ष, विधानसभेशी वाकडं, मुदत १८५२ मध्ये संपणार आणि घटनेप्रमाणे लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. शेजारी चार महिने लढत असताना हा गृहस्थ ऱ्हाइनचा डावा काठ मागेल, की सैन्य सरहद्दीवर न पाठवता पॅरिसमध्येच हाताशी ठेवेल? मला दुसरं जास्त पटतं. कोणी खोडून काढेल का?