प्रतिसाद : मदत द्या, पण हिशोब सभागृहात मांडा

वर एकांनी लिहिलं आहे की सरकारी मदतीने जिल्हा बँक वाचली, ठेवी वाचल्या, मग आमदारांनी त्यात पडायचं कारण काय? मला हे अजिबात पटत नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या २३ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यातल्या महाराष्ट्राच्या तिन्ही विदर्भातल्या: नागपूर, वर्धा, बुलढाणा. सर्वात मोठा वाटा राज्यांचा होता, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा. मदत हवीच होती. जूनमध्ये जिल्हा बँकेच्या पैशावर चालणाऱ्या सोसायटीतून पीककर्ज मिळालं नाही तर बियाण्यासाठी माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो, सातबारा घेऊन. हे खेड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण पैसे मंजूर करताना पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) घाईघाईत संमत होतात आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपर्यंत विषय पोचेतो संचालक मंडळं बदललेली असतात. अमेरिकेत २००८ साली संकटातल्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्यातच देखरेख मंडळ आणि विशेष महानिरीक्षकाची तरतूद केली. मंडळाचा अहवाल दर महिन्याला. शिवाय शेवटचे ३५० अब्ज रोखण्याचा अधिकार काँग्रेसने स्वतःकडे ठेवला. त्यावर जानेवारी २००९ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, मतदानही झालं. पैसे अडले नाहीत, पण कुणी कसं मत दिलं याची नोंद झाली.

आपल्याकडेही मदतीचा पुढचा हप्ता कर्जवसुलीच्या अहवालाशी बांधा. थकबाकीदार संचालकांची यादी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवा. आपापल्या आमदाराला हे आत्ताच लेखी विचारा.