उघड्या खेळपट्टीवरचे हॉब्ज

सर्वोत्तम कसोटी सलामीवीरांच्या याद्या करताना, इंग्लंडचे जॅक हॉब्ज यांच्या काळातली गोलंदाजी मंद होती, म्हणून त्यांना गावसकरांच्या पंक्तीला बसवू नये, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. वेगाबाबतचा आक्षेप काही अंशी मान्य केला, तरी त्या काळी सामना सुरू असताना पाऊस आला तर खेळपट्टी झाकत नसत, ही बाब या चर्चेत कोणीच विचारात घेतलेली नाही. 1926 च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव सुरू असताना रात्री वादळी पाऊस झाला आणि सकाळच्या उन्हात वाळू लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू वाटेल तसा वळू आणि उसळू लागला. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर रिचर्डसन यांनी राउंड द विकेट (यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने) येऊन, लेगला म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे लावून ऑफब्रेकचा, म्हणजे आत वळणाऱ्या फिरकीचा, मारा केला, आणि तरीही हॉब्ज व त्यांचे जोडीदार सटक्लिफ यांनी 172 धावांची सलामी दिली. त्यात त्रेचाळीस वर्षांच्या हॉब्ज यांच्या बरोबर 100 धावा होत्या. सटक्लिफ पुढे 161 पर्यंत गेले (त्यांचे नाव अशा याद्यांतून नेहमी का गळते, कोण जाणे), आणि इंग्लंडने सामन्याबरोबर ॲशेसही (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा मान) परत मिळवली.

गावसकरांचे मोठेपण सांगताना आपण 1971 च्या वेस्ट इंडीजमधील मालिकेतल्या 774 धावांवरच थांबतो. परंतु हॉब्ज यांच्याशी तुलनाच करायची असेल, तर 1987 मध्ये बंगळूरच्या फिरकीचा आखाडा झालेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानच्या इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमद यांच्या फिरकीसमोर, भारत अवघ्या 16 धावांनी हरला त्या सामन्यात, गावसकरांनी केलेल्या 96 धावा अधिक योग्य ठरतील.