स्क्रब टायफस वाढला, की तपासणी वाढली?

धुऱ्यावरून (भंडारा)
पोळा झाला की पेपरात ठरलेला मथळा येतो, 'स्क्रब टायफसचा विळखा'. स्क्रब टायफस म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर विभागात रुग्ण निघाले, माणसं दगावली, तेव्हापासून हे चालू आहे. माझ्या मते आजार जुनाच आहे, नाव तेवढं नवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सैनिक याच तापाने आडवे झाले होते. आपल्या बापजाद्यांनी 'मुदतीचा ताप' म्हणून जे काढलं, त्यात हाही असणारच. रक्त तपासायची सोय जिथे, रुग्णही तिथेच. गडचिरोलीतल्या कोरची-धानोऱ्याकडच्या माणसाचं रक्त एलायझापर्यंत, म्हणजे प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीपर्यंत, पोचलंच नाही, तर तो आकड्यात येणार कुठून?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)
अर्धं पटलं. पण रानही बदललंय ना! निंदायला मजूर मिळत नाही. वावरात तणनाशक मारतो आणि धुरा, म्हणजे बांध, तसाच सोडतो. तिथे कमरेएवढं गवत, गवतात उंदीर. चिगर म्हणजे माइट या बारीक किड्याची अळी, धड डोळ्याला दिसतही नाही. ती उंदराच्या कानात बसते, गवतावरून माणसाला चावते. जंतू माइटच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, म्हणून नुसते उंदीर मारूनही भागत नाही.

धुऱ्यावरून
म्हणजे तणनाशकाने ताप आला? पुरावा?

पऱ्हाटीवाला
पुरावा नाही भाऊ. धुरा मात्र रोज बघतो.

लॅबवाला (वर्धा)
आकड्यांवर दोघांनीही फार भरवसा ठेवू नका. वेइल-फेलिक्स तपासणी स्वस्त आहे, पण तिच्यात बरेच रुग्ण सुटतात. एलायझाही पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात. उलट आयजीएम, म्हणजे तपासणीत शोधतात ते प्रतिपिंड, रक्तात काही महिने टिकतं, त्यामुळे मागचा ताप यंदाच्या खात्यात चढतो. आकडा कमीही चुकतो, जास्तही.

वरुडची सून
तुमचे आकडे राहू द्या, माह्यं ऐका. सासूले सहा दिवस ताप. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह. गावच्या डॉक्टरनं तीन दिवस सलाईन लावली, इंजेक्शन बदलवून पाह्यलं, ताप काही हटे ना. आंघोळ घालतानी मले परकराच्या नाडीखाली काळी खपली दिसली, उदबत्तीचा चटका लागल्यासारखी. दुखे ना, खाजवे ना, म्हणून थ्या बोलल्याच नाईत. शहरातल्या डॉक्टरनं खपली पाह्यली अन् डॉक्सीसायक्लीन चालू केली. दोन दिवसांत ताप उतरला. बाईमाणूस पुरुष डॉक्टरले नाडीखालचं दाखवते काय? अन् तो तरी इचारते काय?

धुऱ्यावरून
हेच तर! आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१५ च्या सूचना स्पष्ट सांगतात की संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करा. पावसाळ्यात पाच दिवसांवर ताप गेला, की आरोग्य केंद्रातून सरळ डॉक्सी द्यावी. शंभर मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा. महाग नाही.

ओपीडीतून (गडचिरोली)
इथे मी विरोधात. संशय आणि सरसकट यात फरक आहे. आमच्याकडे आधी मलेरियाची पट्टी. ती न करता डॉक्सी दिली आणि मेंदूचा मलेरिया निघाला तर? गर्भवतीला डॉक्सी नको, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन. पण गल्लोगल्ली सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं टोचतात ती स्क्रबवर चालतच नाहीत, हे मान्य. रुग्ण वाया जातो तो त्या चार दिवसांत. आणि चिगर चावल्या जागी येणारी ही खपली सगळ्यांना येत नाही, तेव्हा दिसली नाही म्हणून स्क्रब नाही, असंही समजू नका.

पऱ्हाटीवाला
मग खपली शोधायची कुणी? ओपीडीत दीडशे माणूस, डॉक्टर एक.

वरुडची सून
आशाताईले सांगा ना. काख, जांघ, नाडीखाली, छातीखाली. बाई बाईले दाखवते.

धुऱ्यावरून
आशाताईंवर आणखी एक काम, तेही फुकट... असो. आमच्या टोलीवर सध्या दोघी तापाने पडून आहेत, दोघी रोवणीला गेल्या होत्या. एकीचा डेंग्यू निगेटिव्ह आलाय. संध्याकाळी बायकोला पाठवतो. आणि ओपीडीवाले, मलेरियाची पट्टी आधी, हे ऐकलं तुमचं. आकड्यांचं मात्र अजून पटलेलं नाही.