मदत हवी आहे : माल्टातील मार्साश्लॉक हे मच्छीमारांचे गाव वडिलांना नीट कसे दाखवावे?

नमस्कार.

माझे वडील मूळचे हर्णैचे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते पहिल्यांदा समुद्रावर गेले आणि चार वर्षांपूर्वी गुडघे दुखू लागेपर्यंत जात राहिले. आता ते 68 वर्षांचे आहेत आणि माझ्याकडे पुण्यात असतात. गेल्या वर्षी मी त्यांना माल्टातील मार्साश्लॉक या गावच्या धक्क्याचे एक छायाचित्र मोबाईलवर दाखवले होते. निळ्या, पिवळ्या, लाल आणि हिरव्या पट्ट्यांनी रंगवलेल्या होड्या शांत पाण्यात एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना एकेक डोळा होता. मला वाटले होते की बाबा रंगांविषयी काहीतरी बोलतील. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठे केले, ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ही मागूनही निमुळती आहे. पाठीमागून लाट आली तरी दुभंगून जाईल. ही कामाची होडी आहे, शोभेची नव्हे." त्यानंतर त्यांनी तीन-चार वेळा ते छायाचित्र स्वतःहून मागून घेतले, तेव्हा त्यांना तेथे घेऊन जायचेच, असे मी ठरवले.

आतापर्यंत मला समजलेली माहिती थोडी आहे. माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला असलेला छोटा द्वीपदेश असून मार्साश्लॉक त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर आहे. माल्टी भाषेत मार्सा म्हणजे बंदर आणि श्लॉक म्हणजे आग्नेय दिशा, किंवा त्या दिशेने येणारा वारा. तेथील रंगीत होडीला लुत्सु म्हणतात आणि दर रविवारी धक्क्यावर मासळीबाजार भरतो.

अडचण अशी आहे की मी ज्या सहल कंपनीकडे चौकशी केली, त्यांच्या कार्यक्रमात या गावासाठी जेवणासह पाऊण तास ठेवलेला होता. बाबांना बसमधून उतरवून, पाऊण तासात छायाचित्रे काढून आणि जेवून पुन्हा बसमध्ये बसवायचे, तर इतका खर्च करून जाण्यात अर्थ नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यांना होड्या ओढून कोठे ठेवतात, रंग कधी काढतात, फळ्यांच्या फटी कशाने भरतात, जाळे कसे वाळवतात, हे पाहायचे आहे. म्हणून आम्ही दोघांनीच जावे असे माझ्या मनात आहे.

ज्यांनी हे गाव पाहिले आहे किंवा जे माल्टात राहतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. रविवारी जावे की आठवड्यातील इतर दिवशी? आमच्याकडे जशी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तसा तेथेही बंदीचा काळ असतो का, आणि असल्यास प्रत्यक्ष काम पाहायला मिळेल असा महिना कोणता? धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांजवळ जाऊन उभे राहिलेले त्यांना चालते का? बाबांना मराठी आणि कामापुरती हिंदी येते, त्यामुळे बोलणे माझ्यामार्फतच होईल. त्यांना सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश चालता येते, पण चढ-उतार जमत नाहीत. ते गाव त्या दृष्टीने कसे आहे, हेही कळवावे.

प्रतिसाद 1

ताई, मी सहा वर्षांपासून माल्टात परिचारिका म्हणून काम करते आणि सुट्टीच्या दिवशी अनेकदा मार्साश्लॉकला जाते. आपल्या वडिलांनी छायाचित्रावरून जे ओळखले ते अगदी बरोबर आहे. लुत्सु दोन्ही टोकांना निमुळती असते. तिच्यासारखीच रंगवलेली, पण मागच्या बाजूला सपाट कापल्यासारखी दिसणारी होडी असते, तिला कायीक म्हणतात. पर्यटक दोहोंना एकच समजतात. आपले वडील तसे समजणार नाहीत.

रविवारविषयी आधी सांगते, कारण बहुतेकांची निराशा तेथेच होते. रविवारच्या बाजारात मासळी असतेच, परंतु धक्क्याची बरीच लांबी कपडे, मध, लेस आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांनी व्यापलेली असते आणि दहानंतर इतकी गर्दी होते की पाण्यातल्या होड्या माणसांच्या खांद्यांमधून पाहाव्या लागतात. शिवाय ही किरकोळ विक्री असते, त्यामुळे हर्णैच्या किनाऱ्यावर होतो तसा लिलाव पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. माझा सल्ला असा की गावातच किंवा जवळपास तीन रात्री मुक्काम करावा, शनिवारी पोहोचावे, रविवारी सकाळी सातच्या सुमारास बर्फावर मासळी मांडली जात असताना बाजार पाहून घ्यावा आणि गर्दी वाढू लागली की खोलीवर परतावे. सोमवार आणि मंगळवार मात्र पूर्णपणे धक्क्यासाठी ठेवावेत. त्या दिवशी जाळ्यांचे ढीग पसरलेले असतात आणि माणसे खाली बसून ती दुरुस्त करत असतात. आपले वडील ज्यासाठी येत आहेत ते तेव्हाच दिसेल.

महिन्याचे उत्तर लांपुकी या मासळीत आहे. माल्टाच्या मच्छीमारांचे वर्ष या मासळीभोवती फिरते. तिचा हंगाम 15 ऑगस्टला सुरू होतो आणि डिसेंबरअखेर संपतो, इतर काळात पुढे सांगते त्या पद्धतीने ती पकडण्यास बंदी असते. पकडण्याची पद्धत आपल्या वडिलांना नक्की आवडेल. लांपुकीला सावलीत राहण्याची सवय असते, म्हणून मच्छीमार खजुरीच्या झावळ्या तरंगत्या पाटांना बांधतात, ते पाट दगडाला दोर बांधून खोल समुद्रात नांगरतात आणि झावळ्यांखाली मासळी जमली की तिला जाळ्याने वेढतात. या तरंगत्या सावल्यांना कन्निझाती म्हणतात. त्या कोणी कोठे लावायच्या यासाठी किनाऱ्यापासून समुद्रात जाणाऱ्या ओळी ठरवलेल्या असतात आणि कोणती ओळ कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते. कोकणात पावसाळ्यात झावळ्यांनी होड्या शाकारतात हे मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे इथे हंगामाच्या तोंडावर झावळ्यांचे भारे पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटले की हेही होड्या झाकणार आहेत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ आपल्यासाठी उत्तम आहे, कारण तेव्हा ऊन उतरलेले असते, मासळी भरात असते आणि गावातल्या खानावळींत लांपुकी आणि भाजी पिठाच्या पारीत भरून भाजलेला 'पाय' हा पदार्थ मिळतो. अल्योत्ता नावाचे लसूण घातलेले मासळीचे पातळ सारही वडिलांना अवश्य द्यावे, त्यात आपल्या चवीला ओळखीचे वाटेल असे बरेच काही आहे.

होडी कशी वाचावी हेही सांगते. नाळेवरचे डोळे ओसायरिस किंवा होरस या प्राचीन इजिप्तच्या देवांचे मानतात, ते समुद्रावर होडीचे रक्षण करतात अशी श्रद्धा आहे आणि ही परंपरा प्राचीन काळच्या फिनिशियन दर्यावर्दींपर्यंत मागे नेली जाते. लाकडात कोरून ते वर बसवलेले असतात, त्यामुळे जवळून पाहिले तर भुवईची कड बोटाला लागेल इतकी उंच दिसते. नाळेच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला जो रंगीत पट्टा असतो त्याला मिशी म्हणतात. तिच्या रंगावरून होडी कोणत्या गावची ते कळते, आणि घरात कोणी वारले की ती मिशी काळी रंगवण्याची रीत आहे, असे जुने लोक सांगतात. आणखी एक उपयोगी खूण म्हणजे नोंदणीची अक्षरे. क्रमांकाआधी एमएफए असेल तर ती पूर्णवेळ मच्छीमाराची होडी, एमएफबी असेल तर अर्धवेळ मासेमारी करणाऱ्याची आणि एमएफसी असेल तर हौसेने मासे धरणाऱ्याची. पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या वेगळ्या असतात. वडिलांना ही अक्षरे आधीच दाखवून ठेवावीत म्हणजे कोणाजवळ थांबायचे ते त्यांचे त्यांना कळेल.

वैद्यकीय बाजूने दोन शब्द. गावचा धक्का सपाट आहे, बसायला जागा भरपूर आहेत, पण सावली कमी आहे, म्हणून दुपारी बारा ते तीन खोलीवर विश्रांती घ्यावी. सेंट पीटर्स पूल नावाचा पोहण्याचा खडकाळ डोह जवळ आहे आणि तेथे चालत जाण्याचा आग्रह तुम्हाला अनेक जण करतील, मात्र त्या वाटेवर चढ आणि खडक असल्यामुळे वडिलांना नेऊ नये. राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेरील बसस्थानकावरून 81 आणि 85 क्रमांकाच्या बस गावात येतात. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक, लागतो आणि त्यासाठी 30,000 युरोचा प्रवासी आरोग्यविमा सक्तीचा आहे. गुडघ्यांचे जुने दुखणे त्यात धरले आहे का, ते विमा घेतानाच वाचून घ्यावे. इंग्रजी ही येथील राजभाषांपैकी एक असल्याने बोलण्याची अडचण येणार नाही.

प्रतिसाद 2

मी रत्नागिरीचा असून व्यापारी जहाजावर काम करतो. मार्साश्लॉकच्या उपसागरातच माल्टाचे मोठे कंटेनर बंदर आहे आणि मी हे गाव पहिल्यांदा आमच्या जहाजाच्या डेकवरून पाहिले. वडिलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी असे मला मनापासून वाटते. पोस्टकार्डावर फक्त होड्या आणि चर्च दिसते, पण धक्क्यावर उभे राहिले की समोर बंदराच्या उंच क्रेन आणि दुसऱ्या बाजूला डेलिमाराचे वीजकेंद्र व त्याला वायू पुरवणारे नांगरलेले जहाज दिसते. लाकडी लुत्सुही पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत, फायबरच्या होड्या आल्या आहेत, कारण लाकडाला दरवर्षी खरवडून रंग द्यावा लागतो आणि ते काम करणारे सुतार कमी झाले. ज्याने आयुष्य समुद्रावर काढले त्याला हे पाहून धक्का बसणार नाही, उलट त्याविषयीच तो तेथील माणसांशी अधिक बोलेल.

उपसागराचे तोंड आग्नेयेला आहे, म्हणजे गावाच्या नावातला वाराच सरळ आत येतो. तो सहारातून निघतो आणि दमट, धुळीचा होऊन पोहोचतो. असा वारा असेल त्या दिवशी होड्या बाहेर पडणार नाहीत, म्हणून हाताशी एक दिवस जादा ठेवावा. धक्क्यावर जाताना अंथरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. काम करणाऱ्याला आधी बोन्जू म्हणावे, वडील मच्छीमार आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि छायाचित्र नंतर मागावे. माल्टी भाषा अरबीतून आलेली आहे, तिच्यात लाटांना मेऊज म्हणतात आणि आपला मौज हा शब्दही लाट या अर्थाच्या अरबी शब्दावरूनच आलेला आहे. वडिलांना हे जरूर सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही प्रतिसाद मी काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. क्रेन आणि वीजकेंद्राचा उल्लेख आला तेव्हा ते नुसते "असणारच" म्हणाले. चिठ्ठ्यांचा भाग मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावला. जाळे कोणी कोठे टाकायचे यावरून झालेले तंटे त्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे चिठ्ठीत वाईट ओळ आली तर तो माणूस वर्षभर काय करतो, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तो तेथेच विचारू असे मी त्यांना सांगितले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचे, गावात चार रात्री राहायचे आणि त्यातला एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे.

आता एकच शंका उरली आहे. वाचून झाल्यावर बाबा उठले आणि कपाटातून जाळे विणायची त्यांची बांबूची सुई घेऊन आले. ती बोटभर रुंद आहे, तिच्या मधल्या जिभेला अजून निळा दोरा गुंडाळलेला आहे आणि धरण्याच्या जागी ती झिजून गुळगुळीत झाली आहे. तिकडच्या एखाद्या जाळे विणणाऱ्याला ती द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. अनोळखी माणसाने वापरलेली वस्तू दिली तर तेथे ते योग्य समजले जाईल का, की त्यांनी नवी सुई करून न्यावी? घरी बांबू आहे आणि हातात चार महिने आहेत, त्यामुळे आपण सांगाल तसे ते करतील.