३ इंच लिफ्ट, ३३ चे टायर: व्ही-क्रॉसला पुढचे एक्सल शाफ्ट कुठले टाकू?

काजूबाग_व्हीक्रॉस

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २०१७ ची, २.५ इंजिनवाली. ३ इंच लिफ्ट केलीय, म्हणजे सस्पेन्शन तेवढं उचललंय, आणि टायर २८५/७० आर १७, म्हणजे ३३ इंच व्यासाचे. मूळचे २५५/६५ आर १७ होते. स्टॉक, म्हणजे मूळच्या उंचीवर होती तोवर पुढच्या शाफ्टची (चाकाला जोर नेणारी दांडी) तक्रारच नव्हती, खरं लिफ्ट केल्यापासून उजव्या बाजूचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, चाक वळलं तरी जोर पोचवणारा सांधा) फुल स्टिअरिंग मारलं की टक टक वाजायलाय, त्याच्यावरचा रबरी बूट बदलला की पुढच्या पावसात परत फाटतो, आणि आता फोर लो मध्ये (चारी चाकं, सगळ्यात हळू गियर) दगडावर चढवताना काडकन आवाज आला आणि त्या बाजूनं ओढायचंच बंद. उघडून बघितलं तर शाफ्ट अख्खा हाय, जॉइंटच्या आतल्या केजचे (गोळ्या जागेवर धरणारी जाळी) तुकडे झालेत.

वापर सांगतो म्हणजे उत्तर द्यायला बरं पडेल. गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला, काजूची बाग उतारावर. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता लाल चिखल आणि खाली जांभ्याचे दगड, मधे एक ओढा. शोसाठी गाडी उचललेली नाही, खताची पोती घेऊन वर जावंच लागतं. आठवड्यातून बेळगावला पण येणं-जाणं असतं, म्हणजे डांबरी रस्त्यावरपण नीट पळाली पाहिजे.

आता गॅरेजवाले मेस्त्री म्हणतात कंपनीचाच परत टाका. स्पेअरच्या दुकानात एक स्वस्तातला दाखवला, खोक्यावर नाव पण धड नाही. एक मित्र म्हणतो बाहेरून क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं मजबूत स्टील) मागव, आयुष्यात परत बघायला नको. आणि उद्यमबागेत ओळखीचा एक लेथवाला हाय तो म्हणतो कशाला बाहेरून, ईएन २४ स्टीलमध्ये तस्साच करून देतो. डोकं फिरायची वेळ आलीय. पुढं-मागं लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) कुठलाच नाही. कोणी वापरून बघितलेलं असेल तर सांगा की.

चंदगडी_चिखल

दादा, शाफ्ट कुठला ते नंतर, आधी कोन मोजा. तुमच्या गाडीला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन हाय, म्हणजे डिफ (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गियरचा डबा) चॅसीला घट्ट बसलेला आणि चाक लिफ्टमुळं खाली गेलेलं, मग मधला शाफ्ट तिरपा होणारच. दोन्ही जॉइंटमधलं अंतर ४० सेंटीमीटर धरा, ३ इंच म्हणजे ७५ मिलीमीटर, साधारण १० अंश नुसते उभ्या गाडीलाच वाढले. त्यात चाक खड्ड्यात लोंबकळलं की आणखी, आणि बाहेरच्या जॉइंटला वरनं स्टिअरिंगचा कोन वेगळा. बाहेरचा सहा गोळ्यांचा जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वळतो खरं त्या टोकाला असताना जोर द्यायला तो बनवलेलाच नसतो, गोळ्या केजच्या खिडकीच्या कडेवर दाबल्या जातात आणि केज फुटतो. तुमचं तेच झालंय. डिफकडचा आतला जॉइंट, ट्रायपॉड, तर २३ ते २६ अंशांतच संपतो.

बूट फाटायचं कारण पण तेच. कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकीला घासतात, उन्हाळाभर काही दिसत नाही, पहिल्या पावसात घडीच्या तळाशी चीर पडते, ग्रीस बाहेर आणि लाल माती आत. ती माती म्हणजे पॉलिश पेपरच समजा. अशा जॉइंटमध्ये सोन्याचा शाफ्ट घातला तरी टिकणार नाही.

म्हणून माझं मत, लिफ्ट २ इंचावर आणा. तेवढ्यानं ३ अंशांच्या वर कोन परत मिळतो. ३ इंच ठेवायचीच असेल तर डिफ ड्रॉपचे ब्रॅकेट घाला, डिफ इंचभर खाली येतो आणि तेवढाच फायदा मिळतो, फक्त डिफखालची जागा तितकीच कमी होते आणि तुमच्या वाटेवर दगड हायत, तेव्हा खालची स्किड प्लेट पण त्या मापानं खाली घ्यावी लागेल. आणि चाक फार खाली लोंबू नये म्हणून पुढं लिमिट स्ट्रॅप लावून घ्या, साधा पट्टा असतो, लई कामाचा. बरेच जण अप्पर कंट्रोल आर्म बदलतात आणि सीव्ही सुटला असं समजतात. आर्मनं कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि बॉल जॉइंट सुधारतो, शाफ्टचा कोन तिळभर बदलत नाही.

उद्यमबाग_लेथ

वरच्या भावानं बरोबर सांगितलं. मी मशीन शॉपमध्येच असतो, हीट ट्रीटमेंटवाल्यांकडं रोजचं जाणं-येणं, म्हणून ईएन २४ चं थोडं सविस्तर लिहितो, आपल्याकडं हे नाव ऐकलं की लोक डोळे झाकून हो म्हणतात.

ईएन २४ म्हणजे अमेरिकेत ज्याला ४३४० क्रोमोली म्हणतात जवळपास तेच. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं चांगलं स्टील, बेळगावात आणि कोल्हापूरला शिरोलीत सहज मिळतं. खरं बाजारात तयार मिळतो तो टी कंडिशनचा, म्हणजे आधीच थोडा कडक करून आलेला बार, त्याची ताकद ८५० ते १००० मेगापास्कल, कडकपणा २४८ ते ३०२ ब्रिनेल. तो तसाच आणून लेथवर टर्न करून स्प्लाइन (टोकाचे खाचे-दाते) मारून दिला तर तुमच्या मूळच्या शाफ्टपेक्षा तो कमजोर पण असू शकतो, कारण कंपनीचे शाफ्ट मध्यम कार्बन स्टीलचे असले तरी वरनं इंडक्शन हार्डन, म्हणजे विजेनं तापवून वरचा थर कडक केलेले असतात. पिळ पडतो तेव्हा सगळा ताण कातडीवर येतो, आणि ती कातडीच त्यांनी कडक केलेली असते. मग नाव ईएन २४ असून काय उपयोग? टर्निंग झाल्यावर परत हार्डन आणि टेम्पर करायला पाहिजे, आणि टेम्परिंग २५० ते ४०० डिग्रीच्या पट्ट्यात केलं तर हे स्टील ठिसूळ होतं, ते तापमान टाळणारा माणूस पाहिजे. शाफ्ट भट्टीतनं वाकून येतो, तो सरळ करायचा, मग मॅग्नेटिक तपासणी करून बारीक चीर हाय काय बघायचं. एका जोडीसाठी एवढं कोण करतंय?

दुसरं म्हणजे माप. पिळाची ताकद व्यासाच्या घनावर जाते. २८ मिलीमीटरच्या जागी स्प्लाइनच्या मुळाशी २६ राहिला तर २० टक्के ताकद गेली. म्हणून चांगले शाफ्ट बनवणारे स्प्लाइन कापत नाहीत, रोल करतात, आणि मधली दांडी स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवतात म्हणजे पिळ सगळ्या लांबीत वाटला जातो, एकाच कोपऱ्यात साठत नाही. खांद्याला नीट त्रिज्या पाहिजे. आपल्याकडं टूल जसं असेल तसा कोपरा निघतो आणि चीर बरोबर तिथनंच सुरू होते.

आणि मुख्य गोष्ट, दादा, तुमचा शाफ्ट तुटलेलाच नाही. केज तुटला. तुमचा लेथवाला मधली दांडी करून देईल, जॉइंटची बाहेरची वाटी म्हणजे बेल, केज आणि गोळ्या जिच्यावर फिरतात ती आतली रेस कुठनं करणार? ते ग्राइंडिंगचं काम उद्यमबागेतल्या साध्या लेथ वर्कशॉपचं नाहीच. दांडी दुप्पट मजबूत केली तर पुढच्या वेळी जॉइंटच फुटेल, आणि जॉइंट पण मजबूत केला तर मग डिफच्या दातांवर जाईल. शाफ्ट रस्त्याकडेला बदलता येतो, डिफमधले क्राउन-पिनियन गियर नाही.

काजूबाग_व्हीक्रॉस

अण्णा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे घरी केलेला शाफ्ट रद्दच. मग बाहेरचा क्रोमोली घेतला तर? त्यात जॉइंटसकट येतो म्हणे. आणि ३३ च्या टायरमुळं असा किती लोड वाढतो? टायरवाला म्हणाला काही फरक पडत नाही.

निपाणीकर_भटक्या

फरक पडतो की. मूळ टायरचा व्यास ७६३ मिलीमीटर, तुमच्या आताच्याचा ८३१, म्हणजे ९ टक्के लांब तरफ. एका पुढच्या चाकावर ६०० किलो धरा, पकड ०.८ धरा, तर चाक घसरायच्या आधी शाफ्टवर साधारण १९०० न्यूटन मीटर येतं. चिखलात पकडच नसते म्हणून तिथं शाफ्ट सहसा तुटत नाही, चाक फिरत राहतं. तुटतो तो चाक दोन दगडांत अडकल्यावर, कारण तिथं घसरायला जागा नसते आणि लो रेंजमध्ये इंजिनचा जोर ४० पट वगैरे होऊन येतो. त्यात टायर फिरता फिरता अचानक पकडला की जो दणका बसतो तो कुठल्याच हिशोबात येत नाही. लॉकर नाही ते एका अर्थानं बरं हाय, ओपन डिफ दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, लॉकर असता तर सगळा एका शाफ्टवर आला असता.

बाहेरचा घेणार असाल तर एक नीट बघा. थायलंडमध्ये २०१९ ला डी-मॅक्सची नवीन पिढी आली, आपल्याकडची व्ही-क्रॉस मात्र त्याच्या आधीच्या पिढीची. ऑस्ट्रेलिया-थायलंडच्या वेबसाइटवर डी-मॅक्स लिहिलेलं दिसलं म्हणून ऑर्डर टाकू नका. दोन्ही टोकांचे स्प्लाइन किती ते जुना शाफ्ट हातात घेऊन मोजा, लांबी पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ओढलेली अशी दोन्ही मापं विचारा, एबीएसची रिंग असली तर तिचे दात पण. अमेरिकेतल्या मोठ्या नावांचा बहुतेक माल जीप आणि टोयोटासाठी असतो, तिकडं वेळ घालवू नका. आणि भाडं, कस्टम ड्यूटी धरून जो आकडा होतो त्यात कंपनीचा एक शाफ्ट बसवून दुसरा स्पेअर गाडीत ठेवता येतो का ते आधी बघा. कणकुंबीच्या पावसात अडकल्यावर वॉरंटी कार्डापेक्षा मागच्या सीटखालचा शाफ्ट उपयोगाला येतो.

अजून एक, कागदाचं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ एवढाच की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या बाहेर गाडी बदलता येत नाही. तुम्ही चोर्ला घाटातनं गोव्याला, इकडं चंदगड-कोल्हापूरला जात असणार, तीन राज्यांच्या चेकपोस्टला ३३ चे टायर लांबनं दिसतात. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच धरतील. हे मी घाबरवायला सांगत नाही, घरची माणसं बसतात गाडीत म्हणून सांगतो.

हुक्केरी_जिप्सी

म्हणून म्हणतो सॉलिड एक्सलची गाडी घ्यावी. जिप्सी असो नाहीतर जिमनी, कितीपण उचला, शाफ्ट हाउसिंगच्या आत सरळच राहतो, कोनाचा प्रश्नच नाही. व्ही-क्रॉसला पुढं सॉलिड एक्सल बसवा की एकदाचा.

चंदगडी_चिखल

मामा, शाफ्ट सरळ राहतो हे खरं, पण लिफ्ट केल्यावर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढं-मागं कल) बदलतो, प्रोपेलर शाफ्टच्या यूजेचा (युनिव्हर्सल जॉइंट) कोन वाढतो, स्टिअरिंगच्या लिंकेज तिरप्या होतात, म्हणजे तिथं वेगळी कामं निघतात. आणि व्ही-क्रॉसला पुढचा एक्सल बदलणं म्हणजे चॅसीवर वेल्डिंग, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकच्या लाइनी सगळं नव्यानं. रोज खत वाहणाऱ्या आणि हायवेला पळणाऱ्या गाडीला हे करू नये असं माझं स्पष्ट मत हाय.

काजूबाग_व्हीक्रॉस

मामांची जिप्सी मी बघितलीय, चिखलात खरंच भारी चालते, खरं पोती कुठं ठेवू? ठरलं, लिफ्ट २ इंचावर आणतो, टायर पुढच्या वेळी २६५/७० आर १७, आणि शाफ्ट कंपनीचा, दोन्ही बाजूंना. मागच्या एक्सलचं पण विचारायचं होतं, तो पण मजबूत करून घेऊ काय?

उद्यमबाग_लेथ

मागचा आत्ता हलवू नका. तो सेमी-फ्लोटिंग प्रकारचा, म्हणजे शाफ्ट जोर पण देतो आणि गाडीचं वजन पण त्याच्यावरच, तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, म्हणून तिथं प्रयोग नको. त्याचा फ्लँज आणि दांडी एकत्र फोर्ज केलेली असते. कोणी जाड बारमधून फ्लँजसकट टर्न करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, स्टीलचे धागे फ्लँजच्या मुळाशीच कापले जातात. बेअरिंग आणि ऑइल सील तेवढं वेळेवर बघा, ओढ्यातनं जाताय तर डिफ ऑइल पावसाळा संपल्यावर उघडून रंग बघा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला, आणि डिफचा ब्रीदर पाइप (हवा सोडणारी नळी) वर बोनेटपर्यंत नेऊन घ्या.

पुढचे शाफ्ट घेताना खोकं नीट बघून घ्या. बूट निओप्रीनचा किंवा थर्मोप्लास्टिकचा असावा, क्लॅम्प स्टीलच्या पट्टीचा, नुसती वायर गुंडाळलेला नको. ग्रीस मॉलिब्डेनमवालं, सोबत पाकीट येतं तेवढंच वापरायचं, साधं चेसिस ग्रीस अजिबात नको. बसवताना मेस्त्रीला सांगा हातोडीनं बेलवर ठोकायचं नाही आणि हबचा नट टॉर्क रेंचनंच आवळायचा. बसवून झाल्यावर गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण खाली सोडा, स्टिअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला फिरवा आणि हातानं चाक गोल फिरवून बघा. कुठं अडखळलं किंवा बुटाच्या घड्या एकमेकीवर दाबल्या गेल्या तर लिमिट स्ट्रॅप तिथनं एक भोक आखूड करा. जुना डावीकडचा शाफ्ट चांगला असेल तर टाकू नका, बूट बदलून, ग्रीस भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवा.