मदत हवी आहे: स्कूबा डायव्हिंग करताना खोल पाण्यात अचानक गारठा लागला तर काय करता?

मंडळी, गेल्या डाइव्हला चांगलीच फजिती झाली. वर पाणी २७ अंश, अंगात ३ मिलिमीटरचा वेटसूट, सगळं मजेत. १८ मीटरच्या आसपास समोरचं पाणी साखरेच्या पाकासारखं थरथरताना दिसलं. थर्मोक्लाइन, म्हणजे कोमट पाण्याखाली एकदम गार पाणी सुरू होतं तो थर, हे कळलं, तरी आत शिरताच श्वास अडकला. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर १९ अंश! कपाळात कळ गेली आणि मी धापा टाकल्यासारखी हवा ओढायला लागलो. थोड्या वेळाने टाकीतल्या हवेचं गेज बघतो तर दाब जोडीदारापेक्षा ४० बार कमी. बोटं इतकी बधिर, की बीसीडीचं (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटचं) बटण चाचपडून शोधावं लागलं. वर जायची खूण केली. चार-पाच मीटर वर येताच पुन्हा कोमट पाणी. सेफ्टी स्टॉप, म्हणजे पृष्ठभागावर येण्याआधीचा थांबा, मात्र मुद्दाम ३ ऐवजी ५ मिनिटं केला, कारण खाली श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन गारठलेल्या अंगातून सावकाश निघतो.

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढतं, खोल पाण्यात सूटचं निओप्रीनही दबून ऊब कमी होते, हे पाठ होतं. पाठ असून उपयोग काय म्हणा!

आता सांगा, सरळ ५ मिलिमीटरचा सूट घेऊ, की आहे त्याखाली हूडवालं व्हेस्ट पुरेल? व्हेस्टही तरंगतं, मग बुडण्यासाठी कमरेला लावतो त्या वजनाच्या पट्ट्यात किती भर घालावी लागली? आणि तो पहिला झटका कसा आवरता? थराच्या वरच थांबून श्वास लावून घेता का? ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा सूट) कृपया सुचवू नका, तेवढी ऐपत नाही.