बेळगावात राहून लांबच्या क्लबवर जीव : आपापले अनुभव लिहा

बेळगावात फुटबॉल नवा नाही. कॅम्पातल्या मिशनरी शाळा, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर कोल्हापूरच्या तालमींचे संघ आणि घाट उतरला की गोवा. एवढं सगळं आजूबाजूला असूनही आपल्या पोरांच्या अंगावर जर्सी दिसते ती माद्रिदची, मँचेस्टरची. माझा जीव लिव्हरपूलवर, २००५ पासून. त्या वर्षीची चॅम्पियन्स लीगची फायनल इस्तंबूलला, आणि हाफटाइमला मिलान ३-० ने पुढे होतं. मग सहा मिनिटांत तीन गोल फिटले आणि पेनल्टीवर कप आला. त्या रात्री जे अंगात शिरलं ते अजून उतरलेलं नाही.

पण त्याच काळात मी लेले मैदानावर जाणं सोडलं होतं, आणि ती रुखरुख हल्ली वाढली आहे. म्हणून विचारतो : तुमचा लांबचा क्लब तुमच्याकडे कसा आला, आणि तो आल्यावर गावातल्या मैदानाशी तुमचं काय झालं? खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, सगळ्यांनी लिहा. चंदगड-गडहिंग्लजकरांनीही लिहा, तुम्ही परके नाही.

टिळकवाडी, दुसरं गेट

१९९९. घरात केबल नवीनच आलेली. २६ मेची चॅम्पियन्स लीगची फायनल, मँचेस्टर युनायटेड आणि जर्मनीचं बायर्न, आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाली. वळवाचा पाऊस पडून गेलेला, लाईट राहते की जाते याची धाकधूक. बायर्न सहाव्या मिनिटापासून पुढं. नव्वद मिनिटं भरत आली तशी बाबा झोपायला उठले. ते शेतीतले माणूस, खेळात त्यांना रस नव्हता, मी जागा म्हणून ते जागे. शेरिंगहॅमनं बरोबरी केली आणि ते दारातच थांबले. सोल्स्कियारनं पाय लावला तेव्हा माझ्याबरोबर तेही ओरडत होते. आई घाबरून बाहेर आली.

तेव्हापासून आम्ही दोघं युनायटेडचे. शेवटच्या आजारपणातही निकाल विचारायचे, "काय झालं गा आपल्या लोकांचं?" मँचेस्टरशी तुझा काय संबंध, असं मला लोक विचारतात. बाबांशी जेवढा होता तेवढा आहे.

खानापूरकर

माझी गोष्ट उलटी आहे. मला क्लब जवळचाच मिळाला होता. मामा मडगावला, मे महिन्याची सुट्टी तिकडं, आणि मामा गोव्याच्या धेंपो क्लबचा पक्का. आर्मांदो कुलासो कोच असताना धेंपोनं राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं. फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर मी खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून नाचलोय.

मग आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली, आय-लीगला दुय्यम केलं, आणि २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मामा बरेच दिवस मॅचचं नाव काढेना. आयएसएलमधल्या एफसी गोवाला जा म्हटलं तर म्हणायचा, "पन्नाशीत दुसरा बाप कुठला करू?" मी मात्र तेव्हा तरुण होतो, मला बघायला काहीतरी हवं होतं. रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग लावून बसायला लागलो आणि रिआल माद्रिदचा झालो. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आलं, मामानं स्वतः फोन करून सांगितलं. लांबच्या क्लबला आम्ही गेलो असं सगळे म्हणतात. जवळचा क्लब आधी आमच्या हातातून काढून घेतला, हेही कुणीतरी लिहून ठेवा.

शहापूर, वय २९

मी मराठी, माझा दोस्त कन्नड, दोघं लंडनच्या आर्सेनलचे. १ नोव्हेंबरला त्याच्या घरी कर्नाटकाचा राज्योत्सव, आमच्या घरी सीमाप्रश्नाचा काळा दिन. शाळेपासून त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन करत नव्हतो. भांडण नव्हतं, नुसतं अवघड वाटायचं.

२०२० चा १ नोव्हेंबर रविवारी आला आणि रात्री दहाला युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेड-आर्सेनल. तिथं लीगमध्ये आर्सेनल २००६ नंतर जिंकलं नव्हतं. आमच्या ओबामेयांगनं पेनल्टी मारली तेव्हा त्याचाच फोन आला, आणि शेवटची वीस मिनिटं आम्ही दोघं आपापल्या घरी, फोन कानाला लावून, अर्धं मराठी अर्धं कन्नड ओरडत होतो. १-० जिंकलो. आता दर वर्षी १ नोव्हेंबरला फोन होतो, मॅच असो वा नसो.

क्रिकेटमध्येसुद्धा रणजीला महाराष्ट्र की कर्नाटक हा प्रश्न आमच्या गल्लीत तोंडावर येतो. आर्सेनलला कुणी विचारत नाही तू कुणाकडचा. लांबचा क्लब आम्हाला का लागतो, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

पोरांना शिकवणारा, वडगाव

मी संध्याकाळी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो, पगार नाही. त्यांना नॉर्वेच्या हालांडचे गोल पाठ आहेत आणि शेजारच्या गल्लीतला राज्य संघाच्या निवडीला जाऊन आलेला मुलगा माहीत नाही. पूर्वी मी चिडायचो. आता तेच कामाला लावतो. "बॉल गेला की पाच सेकंदांत परत घ्यायचा" हे मी सांगितलेलं ऐकत नाहीत, बार्सिलोना करते म्हटलं की जीव तोडून पळतात. गोलकीपरपासून पास देत पुढं यायचं म्हणतात, पण आमच्या लाल मातीत खडे, बॉल कुठं उडेल सांगता येत नाही. तरी प्रयत्न करतात, मला आवडतं ते.

दुखतं ते वेगळं. प्रीमियर लीगची शनिवारची पहिली मॅच आपल्याकडं संध्याकाळी पाचला, तिकडचा हिवाळा लागला की सहाला. त्यानंतर साडेसात किंवा साडेआठची. आमच्या लोकल मॅचेसचीही वेळ तीच, कारण त्याआधी पोरं क्लासला आणि माणसं कामावर. मैदानाच्या कडेला पूर्वी दोन ओळी लागायच्या. आता खेळणाऱ्यांचे भाऊ तेवढे असतात.

धागाकर्ता

सर, तुमच्या वेळेच्या मुद्द्यावर एक गोष्ट सगळ्यांनी वाचावी. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत टीव्हीवर फुटबॉलची मॅच थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकापासून हे चालत आलंय. बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी हट्ट धरला की मोठ्या मॅच घरी दिसल्या तर लहान क्लबांच्या गेटवर माणूस येणार नाही. म्हणजे लिव्हरपूलची शनिवारी तीनची मॅच लिव्हरपूल शहरातल्या घरात टीव्हीवर लागत नाही आणि माझ्या अनगोळातल्या घरात लागते. त्यांनी आपल्या लहान मैदानांसाठी भिंत बांधली. आमच्या मैदानासाठी कुणी बांधणार नाही, ती आम्हीच बांधायची. मी माझ्यापुरतं ठरवलंय, लोकल स्पर्धा चालू असेल त्या शनिवारी पहिला हाफ मैदानावर.

निपाणी

आजोळ कोल्हापूरला, शिवाजी पेठेत. तिथं पोरांच्या अंगावर बार्सिलोनाची जर्सी असते, वर्ल्ड कपला गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनात वाटल्या जातात, आणि तरीही पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. कारण साधं आहे. तिथं संघ तालमीचा, तालीम पेठेची. गणपती बसवणारी, कुस्ती बघणारी, बॉल खेळणारी माणसं तीच. संघ हरला तर पेठ हरते. आमच्याकडं स्पर्धेपुरता संघ जमतो, कुणीतरी किट देतो, स्पर्धा संपली की पांगतो. पाठिंबा द्यायला पुढच्या वर्षी तो संघ उभा तर पाहिजे. लिव्हरपूल दर शनिवारी उभं असतं.

कॅम्पातली, राइट बॅक

इथं सगळे दादालोकच लिहितायत, म्हणून मी लिहिते. मी खेळते. मला गावात बघायला मुलींचा संघ नव्हता, सोडून द्यायचा प्रश्नच आला नाही. ३० मार्च २०२२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नो मैदानावर बार्सिलोना आणि रिआल माद्रिदच्या बायकांची मॅच झाली, ९१,५५३ लोक आले. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्यात खेळलेल्या बार्सिलोनाच्या आलेक्सिया पुतेयासचे व्हिडिओ आईला दाखवले, तेव्हा कुठं ती म्हणाली, "खेळ गे, पण अंधार पडायच्या आत घरी ये." आमच्या मॅचला आता पाच-सहा आया येतात, स्टीलच्या डब्यात लिंबू-मीठ घेऊन. दादालोकांनी शनिवारी मैदानावर यायचं ठरवलंच असेल तर मुलींच्या मॅचलाही या.

लोंढा

माझा मावसभाऊ मूळ गोव्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, स्विंडनला. तिथं गोव्याची माणसं खूप. तो लहानपणापासून युनायटेडचा, जाताना ओल्ड ट्रॅफर्डची स्वप्नं घेऊन गेला. तिकीट मिळणं मुश्कील, प्रवास लांबचा. गोदामातल्या शिफ्टमधले सोबती त्याला स्विंडन टाऊनच्या मॅचला घेऊन गेले. चौथ्या पातळीवरचा क्लब, त्यांचं मैदान काउंटी ग्राउंड घरापासून चालत. आता तो तिथलाच झालाय, थंडीत उभा राहून त्यांच्यासाठी घसा बसवतो. युनायटेड हरलं तर अजूनही जेवत नाही. गेल्या खेपेला फोनवर त्यानं विचारलं, लोंढ्याला मे महिन्यात स्पर्धा होते का अजून, रेल्वेच्या बाजूच्या मैदानावर. मी म्हटलं, होते. म्हणाला, तारखा कळव, सुट्टी तशी टाकतो.